कच्च्या चुन्याचा आळ

कोयनेच्या भूकंपाने लोणावळ्यातल्या पुष्कळ जुन्या बंगल्यांना तडे गेले. मालक हळहळले, पण गवंड्यांना उन्हाळाभर पुरेल एवढं काम निघालं. रखमाजी मिस्त्रीकडे तर संक्रांतीच्या आतच तीन बंगले चालून आले. पहिले दोन त्याने हसतमुखाने घेतले. तिसऱ्याचं नाव ऐकलं आणि हातातला चहाचा पेला त्याने खाली ठेवला.

तिसरा बंगला होता दिनशा व्हिला. पुण्याच्या डॉक्टर ओगल्यांनी तो पारशी वारसांकडून विकत घेतला होता. आजारातून उठलेल्या माणसांना हवापालटासाठी राहता यावं, असं आरोग्यधाम त्यांना तिथे काढायचं होतं. त्यांनी रखमाजीला घर फिरून दाखवलं. दिवाणखान्यात आल्यावर दारांच्या डोक्यावरून चारी भिंतींना फिरलेल्या फळ्यांच्या पट्ट्याकडे त्यांनी काठी रोखली.

“ह्या सगळ्या काढून टाका. वाळवी लागलीय. भूकंपात दोन निसटल्यासुद्धा आहेत. मागे काय आहे कुणास ठाऊक.”

मागे काय आहे ते रखमाजीला चांगलं ठाऊक होतं. त्या फळ्या त्यानेच ठोकल्या होत्या, तेहतीस वर्षांपूर्वी.

नाही म्हणावंसं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. पण आपण सोडलं तर दुसरा कुणी घेईल, दुसरा कुणी त्या फळ्या काढील आणि चार लोकांना बोलावून दाखवील, हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. त्यापेक्षा आपल्या हाताने निघालेल्या बऱ्या. त्याने काम घेतलं.

ही तेहतीस वर्षांपूर्वीची गोष्ट अशी होती. रखमाजी आणि सोपान दोघेही जवळच्या कुरवंडे गावचे. सोपान सात वर्षांनी मोठा. थापी कशी धरायची, ओळंबा कसा सोडायचा, चुना किती दिवस मुरवायचा, त्यात हिरड्याचं पाणी किती आणि गूळ किती, हे सगळं रखमाजीला सोपानने शिकवलं. आईबापाविना वाढलेला रखमाजी लग्नानंतर बायकोला घेऊन पहिल्यांदा सोपानच्याच घरात जेवायला बसला होता. मेहेरबाई नावाच्या पारशिणीने दिनशा व्हिला बांधायला काढला तेव्हा दोघेही तिथे कामाला लागले.

मेहेरबाईंना दिवाणखान्यात नक्षी हवी होती. वेलबुट्ट्या, द्राक्षांचे घोस असलं काहीतरी त्यांनी पुस्तकात दाखवलं. सोपान म्हणाला, “बाई, द्राक्षं म्यां पाह्यली न्हाईत. आमच्या रानातलं करू का?” त्या हो म्हणाल्या. मग त्याने ओल्या चुन्यात करवंदीच्या जाळ्या उठवल्या, बांबूची बेटं उठवली, गोगलगायी उठवल्या, आणि भाताच्या खाचरातून चालतात तसे तिरके चालणारे खेकडे. एकवीस खेकडे, आणि एकासारखा दुसरा नाही. मेहेरबाई खुर्ची टाकून तासन्‌तास बघत बसत. रखमाजीने एकदा धीर करून एका गोगलगायीला हात लावला, तर त्या म्हणाल्या, “तू गिलावा कर. नक्षी सोपान करेल.” पुढच्या वर्षी खंडाळ्याला त्यांच्या भावाचा बंगला व्हायचा होता. तिथेही सोपानलाच न्यायचं असं ठरलं.

एवढंच झालं होतं. कुणी शिवी दिली नव्हती, कुणी मजुरी कापली नव्हती. पण रखमाजी तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि ते वाक्य त्याला काट्यासारखं सलत राहिलं.

मेहेरबाई मुंबईला गेल्या होत्या. एका सकाळी रखमाजी सगळ्यांच्या आधी बंगल्यावर पोचला. परांचीवर चढून त्याने दाराच्या डावीकडचा एक खेकडा छिन्नीने उचकटला, त्याची मागची बाजू हातोडीने ठेचून भुगा केली आणि तुकडे खाली पसरून ठेवले. मग कारभारी फर्दुनजींना बोलावून आणलं. “शेठ, चुना कच्चा ऱ्हायलाय. आज एक पडला. उद्या सगळा पट्टा कुणाच्या टाळक्यात यील.”

फर्दुनजी घाबरट माणूस. त्यांनी मुंबईला पत्र लिहिलं. उत्तर आलं की काम फोडू नका, वरून फळ्या मारा, पण त्या गवंड्याला घरी पाठवा. सोपानने खाली पडलेला भुगा बोटांत घेतला, चोळला, वास घेतला आणि काही न बोलता आपली हत्यारं पोत्यात भरली. खंडाळ्याचं काम रखमाजीला मिळालं.

मावळात बातमी घाटाच्या वाऱ्यासारखी पसरते. “कच्चा सोपान” हे नाव महिन्याभरात बेडशापासून औंढ्यापर्यंत झालं. पुढे चुन्याचं काम त्याला कुणी दिलं नाही. तो खाणीवर खडी फोडायला लागला आणि वीस वर्षं खडीच फोडत राहिला. रखमाजीने लोणावळ्यात घर केलं. कुरवंड्याला जाणं हळूहळू बंदच केलं. मनाला मात्र त्याने एक समजूत घालून ठेवली होती. सोपानसारख्या जाणकाराला त्या भुग्यातून सगळं कळलंच असणार. जगाने काही म्हटलं तरी आपला चुना पक्का होता हे त्याचं त्याला माहीत आहे. ही समजूत त्याने इतकी वर्षं उशाशी घेतली होती.

आता त्याने बेत केला. बाजाराच्या दिवशी कामाला सुट्टी असते. त्या दिवशी एकट्याने जायचं, फळ्या काढायच्या आणि मागचं सगळं हातोड्याने उतरवून टाकायचं. डॉक्टरांना सांगायचं, मागे सडका गिलावा होता.

ठरल्याप्रमाणे तो गेला. शिडी लावून त्याने पहिली फळी काढली. वाळवीची माती भुरभुरली आणि तिच्यामागून करवंदीची फांदी बाहेर आली. पानाची शीर न्‌ शीर दिसत होती. दुसरी फळी काढली. एक खेकडा नांग्या उगारून उभा होता, काल केल्यासारखा. भूकंपाने बंगल्याच्या विटा हलल्या होत्या, पण या पट्ट्याला केसाएवढी चीर नव्हती.

रखमाजीने बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. कच्चा चुना बद्द वाजतो. हा खण्‌ वाजला. त्याने हातोडा उचलला. उचलला तो उचललेलाच राहिला. खांद्यात कळ आली तेव्हा त्याने तो हळूच शिडीच्या पायरीवर ठेवला.

“अगंबया, हे काय वो मिस्त्री?”

खाली नंदाबाई उभी होती, हातात पाण्याची बादली घेऊन. ती त्याच्याच हाताखाली घमेली वाहायची. स्वयंपाकघराचा गिलावा ओला होता, त्याच्यावर सुट्टीच्या दिवशीही पाणी मारावं लागायचं आणि ते काम रखमाजीनेच तिला नेमून दिलं होतं. आपल्या बेताच्या भरात तो ते पार विसरला होता.

आणि नंदाबाई सोपानची सून होती.

कामाला ठेवताना त्याला ते माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच ठेवलं होतं. तिला चार दिवस जास्तीचं काम दिलं की त्याला रात्री बरं वाटायचं.

ती जवळ आली. मान वर करून बघत राहिली. “ह्यो खेकडा तर आमच्या घरी हाय.”

“काय म्हनतीस?”

“आमच्या चुलीच्या वर. भिताडाला हातभर चुना लावून मामंजींनी कवा केलाय कुनास ठावं. एक नांगी मोठी, एक बारकी. पोरं त्येला हात लावून जेवाय बसत्यात.” तिने त्याच्याकडे पाहिलं. “हे मामंजींनी क्येलंय?”

“मला न्हाई ठावं,” रखमाजी म्हणाला. “मुंबईचे कारागीर आलते तवा. तू पानी मार जा.”

ती गेली. पण स्वयंपाकघरातून पाणी मारल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर ओगले आले. उरलेल्या फळ्या सगळ्यांदेखत निघाल्या. सगळा पट्टा उघडा पडला तसे डॉक्टर चष्मा पुसत पुसत भिंतीकडेने दोनदा फिरले. कामावरची माणसं हातातलं टाकून जमली.

“मिस्त्री, अहो हे काय रत्न झाकून ठेवलं होतं! तुम्ही म्हणाला होतात ना, बंगला बांधताना तुम्ही इथे होतात? मग हे तुमचंच काम का?”

रखमाजीने तोंड उघडलं. नाही एवढा एक शब्द म्हणायचा होता. तो आला नाही. त्याने मान खाली घातली.

“बघा, केवढा विनय!” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माणसं हसली. कोंडू नावाचा जुना गवंडी म्हणाला, “मिस्त्री, कधी बोलला न्हाईत!”

नंदाबाईने डोक्यावरचं घमेलं खाली उतरवलं. चुंबळ सोडली, झटकली, खांद्यावर टाकली आणि फाटकाबाहेर गेली. त्या दिवशी ती परतली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही.

रखमाजीची बायको सरुबाई. तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं, तर तो भाकरीचा तुकडा मोडून नुसता बसून राहिला. “दुखतंय का काई?” तिने विचारलं. तिलाही त्याने कधी सांगितलं नव्हतं. आजही सांगता आलं नाही. पाठीवर डॉक्टरांचा हात पडला होता ती जागा त्याला अजून जाणवत होती. तेहतीस वर्षांपूर्वी त्याने सोपानचा घास काढला होता. काल नावही काढून घेतलं. पहिल्या वेळी निदान तेवीस वर्षांचं रक्त होतं. आता छप्पन्नाव्या वर्षी कशाला दोष द्यायचा?

तिसऱ्या दिवशी तो कुरवंड्याची वाट चालू लागला.

सोपान अंगणात बाजेवर उन्हाला बसला होता. छातीचा पिंजरा झाला होता. श्वास घेताना आत काहीतरी शिट्टीसारखं वाजत होतं. नंदाबाई दारात तांदूळ पाखडत होती. रखमाजीला पाहून तिने सूप थांबवलं नाही.

“कोन?”

“मी रखमा, सोपानभाऊ.”

“रखमा?” म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. हेच रखमाजीला सोसलं नाही. “ये, ये. बस. लय दिसानं वाट चुकलास. नंदे, पानी आन.”

तिने तांब्या आणून खाली ठेवला. हातात दिला नाही.

“ही सांगत व्हती,” सोपान म्हणाला, “त्या बंगल्यात आपला पट्टा उघडलाय. म्हनं अजून हाय. खरं का रं?”

“हाय. समदा हाय. चीरबी न्हाई.”

सोपानने मान हलवली. “मग कसं झालं आसंल? येक तेवडा कच्चा ऱ्हायला आन बाकीचा टिकला? म्यां लय इचार केला रखमा. तो चुना मुराय अजून आठ दिस पायजे व्हते. बाई मुंबईला जायच्या आत त्यानला पट्टा दाखवायचा म्हनून म्यां घाई केली. आठ दिस आदी टाकी उघडली. खानीवर घन घालताना बी मला तेच याचं. आठ दिस, सोपाना. आठ दिस थांबला आस्तास तर.”

म्हणजे याला काही कळलंच नव्हतं. भुगा हातात घेऊन हा गप्प बसला तो खोटं ओळखून नव्हे. त्याने ते खोटं खरं मानलं होतं. ज्या समजुतीच्या आधाराने आपण इतकी वर्षं झोपलो ती आपणच रचलेली होती. इथे बाजेवर बसलेला माणूस तेहतीस वर्षं स्वतःलाच दोष देत आला होता.

“भाऊ, चुना कच्चा न्हवता,” तो म्हणाला. “त्यो पडला न्हाई. म्यां काढला.”

सूप थांबलं.

“काय?”

“म्यां काढला. तुमी यायच्या आदी. आन मागून ठेचून भुगा क्येला, तुमाला कळू नये म्हनून. फर्दुनजीला मीच सांगितलं. परवा डॉक्टर म्हनले हे तुमचं का, तर तवाबी मी गप ऱ्हायलो.”

सोपानच्या डोळ्यांत राग आहे का ते रखमाजी शोधत होता. राग असता तर बरं झालं असतं. मग म्हातारा थोडा पुढे वाकला.

“कशानं काढलास?”

“छिन्नीनं.”

“सहज निगाला?”

“न्हाई, भाऊ. लय जोर लागला. दोनदा छिन्नी घसरली. ही बघा.” त्याने डाव्या अंगठ्यावरची जुनी खूण पुढे केली. “निगंचना. पार घाम फुटला मला.”

“दोनदा घसरली,” सोपान म्हणाला. आणि मग तो हसला. हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते कशाचं पाणी होतं हे रखमाजीला कळेना. नंदाबाई धावत येऊन सासऱ्याची पाठ चोळू लागली. “बघ नंदे,” तो धापा टाकत म्हणाला, “दोनदा घसरली! मुरला व्हता. चांगला मुरला व्हता.”

रखमाजीने त्याच्या पायांना हात लावायला डोकं खाली नेलं. सोपानने पाय बाजेवर घेतले.

“आता जा तू,” तो म्हणाला. ओरडून नव्हे, साधंच. “मला बघाय यायचंय. गाडी गंगाराम आनंल. तू नगं आनू.”

गंगाराम म्हणजे सोपानचा मुलगा, नंदाबाईचा नवरा. रविवारी तो बैलगाडीत पेंढा टाकून बापाला घेऊन आला. डॉक्टर आले होते. कामावरची सगळी माणसं रखमाजीने बोलावून ठेवली होती. सरुबाईलाही आणलं होतं, कारण तिला घरी एकटीला सांगण्याचा धीर त्याला झाला नव्हता. सोपान दिवाणखान्यात येऊन उभा राहिला तसं रखमाजीने सगळ्यांसमोर सांगितलं. खेकडा कुणी घडवला, कुणी उचकटला, आळ कुणावर आला आणि काम कुणी खाल्लं. मध्ये दोनदा त्याचा शब्द अडला, पण कुणी त्याला “असू दे” म्हटलं नाही. सरुबाईने पदर तोंडाला लावला. कोंडूने जमिनीकडे बघितलं. “कच्चा सोपान” म्हणून तोही आयुष्यभर हसला होता.

सोपानचं मात्र इकडे लक्षच नव्हतं. शिडी चढणं त्याला शक्य नव्हतं. गंगारामने आणि दुसऱ्या एकाने त्याला खुर्चीसकट खांद्यांवर उचललं आणि भिंतीकडेने फिरवलं. तो तळहात टेकवत चालला होता, एकेक खेकडा, एकेक पान, कपाळाला हात लावून ताप बघावा तसा. दाराच्या डावीकडे, मोकळ्या जागेशी आल्यावर त्याने हात काढून घेतला.

“बाबा,” डॉक्टर आदराने म्हणाले, “एवढा एक तुम्ही पुन्हा करून द्याल का? नाहीतर तुमच्या देखरेखीखाली मिस्त्री करतील.”

“माजा हात आता थरथरतो,” सोपान म्हणाला. “आन त्येला नगा सांगू.”

त्या दिवशी रखमाजीविषयी तो बोलला ते एवढंच.

डॉक्टरांनी रखमाजीला कामावरून काढलं नाही. काम अर्धवट होतं, पावसाळ्याआधी पुरं व्हायला हवं होतं. काढलं असतं तर त्याला सुटल्यासारखं वाटलं असतं. रोज सकाळी त्याच दिवाणखान्यात जाऊन पट्ट्याच्या खालचा गिलावा करायचा, आणि माणसांनी “मिस्त्री” म्हणण्याआधी क्षणभर थांबायचं, हे तीन महिने चाललं. सरुबाई त्याच्याशी बोलायची, पण कामापुरतं. ती एकदाच म्हणाली, “लग्नानंतर पयलं जेवान म्यां त्यांच्याच घरी जेवले व्हते,” आणि उठून गेली.

श्रावणात सोपान गेला. रखमाजी भर पावसात कुरवंड्याला पोचला. लाकडं ओली होती. त्याने कुणी न सांगता रॉकेलचा डबा आणून दिला. गंगारामने तो घेतला. ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. रखमाजी सगळ्यांच्या मागे, बांधावर उभा राहिला.

दिवाळीनंतर औंढ्याला शाळेच्या दुरुस्तीचं काम निघालं. त्या कामावर त्याला नंदाबाई दिसली. दुसऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली ती होती, पण घमेली वाहत नव्हती. चुन्याच्या टाकीपाशी उभी राहून ती बायकांना पाणी किती घालायचं ते सांगत होती.

“तुला हे कुनी शिकवलं?” रखमाजीने विचारलं.

“मामंजींनी. उनाळाभर. बाजंवर पडून सांगायचे, मी अंगनात टाकी करून भिजवायची. रोज चिमूट हातावर घेऊन चोळून बघायचे.” ती टाकीतला चुना फावड्याने हलवत होती. “शेवटच्या दिसात दुसरं बोलनंच न्हवतं. चुना आन चुना.”

विचारू नये हे रखमाजीला कळत होतं, तरी त्याने विचारलं.

“माज्याबद्दल काई बोलले व्हते का?”

नंदाबाईने फावडं थांबवून खरोखरच आठवून पाहिलं. तिला खोटं सांगायचं नव्हतं, आणि दुखवायचंही नव्हतं.

“न्हाई,” ती म्हणाली.

त्याने मान हलवली आणि तो आपल्या कामाकडे वळला.